लग्नाच्या दाखल्याला लॅमिनेशन

कागद या विषयात मला कुणी काही शिकवावं अशी माझी परिस्थिती नव्हती. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तेरा वर्षं लिपिक आहे. प्रवेशाच्या दिवसांत माझ्या खिडकीसमोरची रांग फाटकापर्यंत जाते आणि तिच्यातली निम्मी माणसं मी परत पाठवतो. कुणाच्या टीसीवरचा शिक्का फिकट असतो, कुणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते, कुणी सत्यप्रती दोनच आणलेल्या असतात. सत्यप्रती तीन लागतात. तिसरी प्रत पुढे कुठे जाते हे मलाही माहीत नाही, पण माझ्या आधीचे लिपिक तीन घ्यायचे आणि ते काही वेडे नव्हते. मध्यंतरी सरकारने सांगून टाकलं, की स्वतःच सही केलेली झेरॉक्स चालेल. सरकारला सांगायला काय जातं? मी अजून साहेबाची सही आणि गोल शिक्का पाहिल्याशिवाय कागद हातात धरत नाही.

त्यामुळे माझ्या बायकोने, रेणुकाने, आयर्लंडहून कागदांची पक्की यादी पाठवली तेव्हा मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून "झालं समज" असं कळवलं.

रेणुका नर्स आहे. तिकडच्या एका दवाखान्यात लागून तिला चौदा महिने झाले होते. आधी तिने जायचं आणि तीन महिन्यांनी नवरा म्हणून मी, असं ठरलं होतं. त्या तीन महिन्यांचे चौदा कसे झाले ते सांगत बसलो तर हा मजकूर तिथेच संपेल. शिवाय त्या व्हिसाच्या अर्जात माझ्यासाठी जो रकाना आहे त्याचा अर्थ 'अवलंबून असलेली व्यक्ती' असा होतो. तेरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाने तो रकाना भरायला थोडा वेळ घेतला, तर त्यात त्याचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

पण यादीनंतर लगेच तिचा फोन आला.

"अहो, एकवीस ऑगस्टची तारीख मिळालीय मुंबईची. ही गेली तर पुढची थेट डिसेंबरात. मी तोवर न्हाई राहू शकत एकटी. खरंच सांगते, राजीनामा देऊन परत येते मी."

रेणुका उगीच बोलणारी बाई नाही. त्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा ती दोनदा नापास झाली होती आणि तिसऱ्यांदा बसली होती. रात्रपाळी करून आल्यावर कणीक मळता मळता इंग्रजी बातम्या ऐकायची. एखादा कागद माझ्या हातून राहिला, तर तिची ती सगळी वर्षं मातीत जाणार होती. मी म्हणालो, "कागदाचं तू माझ्यावर सोड." तिने सोडलं.

कागदांचं विचारणं वर्षभर चाललं होतं, पण खऱ्या कामाला सुरुवात केली तेव्हा जून संपत आला होता. शेजारचे हरिओम मदतीला धावून आले. त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते सल्ले देतात. त्यांच्या बायकोच्या मावसबहिणीचा नवरा एकदा मस्कतला जाऊन आला होता, तेव्हापासून परदेश हा विषय गल्लीने त्यांच्याकडे सोपवलेला आहे.

"कलर झेरॉक्स बिलकुल काढू नका सर," ते म्हणाले, "नकली वाटते. काळी-पांढरी काढा अन् निळ्या शाईनं सही करा."

मी सगळं काळं-पांढरं काढलं. दुसऱ्या दिवशी ते कुंपणावरून म्हणाले, "मी मस्कतवाल्याला विचारलं. कलरच लागते म्हणे." मी सगळं परत कलर काढलं. मग दोन्हींच्या तीन-तीन प्रती केल्या, म्हणजे कुणाला काही बोलायला जागा नको. सहा फायली झाल्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात अनुक्रमणिका लिहिली. यादीत म्हटल्याप्रमाणे लग्नाच्या मूळ दाखल्यावर दिल्लीचा एक शिक्का लागत होता. तो आणून देणाऱ्या पुण्याच्या एजंटाकडे दाखला पाठवून दिला आणि निवांत झालो.

पाचव्या दिवशी एजंटाचा फोन आला.

"सर, तुमचा दाखला लॅमिनेट केलेला आहे."

"हो," मी अभिमानाने म्हणालो. "लग्नाच्या आठव्या दिवशीच करून घेतलाय."

"शिक्का कागदावर बसतो सर. प्लास्टिकवर बसत नाही. नवीन मूळ प्रत आणा."

मला काही समजेना. आमच्याकडे महत्त्वाच्या कागदाला लॅमिनेशन करतात. जो कागद लॅमिनेट केलेला नाही तो महत्त्वाचा नाही, असं समजतात. दहावीचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, सातबारा, सगळं त्या चकचकीत पिशवीत बंद असतं. मी खिडकीत बसून कितीतरी पोरांना झापलंय, "मूळ कागद असा उघडा घेऊन फिरतोस?" आता तोच कागद जास्त जपला म्हणून बाद झाला होता.

दाखला कुरियरने परत आला. हरिओम म्हणाले, "काय टेन्शन घ्यायलाव सर? वर पेपर ठेवायचा, इस्त्री फिरवायची. कांद्याच्या सालीसारखं निघतंय प्लास्टिक."

"तुम्ही काढलंय कधी?"

"मी न्हाई काढलं. पण निघतंय."

प्लास्टिक निघालं हे खरं. पण निघताना त्याने कागदाचा वरचा पापुद्रा बरोबर घेतला. वराचं नाव, वराच्या बापाचं नाव आणि नोंदणी क्रमांक प्लास्टिकवर गेले. वधू, तारीख आणि ग्रामसेवकाची सही कागदावर राहिली. मी इस्त्री हातात धरून त्या दोन तुकड्यांकडे बघत उभा होतो. हरिओमनी दोन्ही तुकडे उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले, "दोन्हीच्या वेगवेगळ्या झेरॉक्स काढा अन् चिकटवा." मी त्यांना कुंपणापर्यंत सोडून आलो.

आमचं लग्न सासुरवाडीला, गावातल्या विहारात झालं होतं आणि नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत. गाव हिमायतनगरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या ग्रामसेवकांनी माझ्याकडून तसं वचन घेतलेलं आहे. लातूरहून नांदेड, नांदेडहून भोकरमार्गे हिमायतनगर आणि पुढे काळीपिवळी, असा दिवसभर हादरत मी पोचलो. सासरे रामकिशनमामा फाट्यावरच उभे होते. सासूबाई सरजामामींनी पाय धुवायला पाणी दिलं आणि पहिला प्रश्न केला, "माझी रेणू जेवती का व्यवस्थित?"

"मजेत आहे," मी म्हणालो. गेले चौदा महिने मी सगळ्यांना हेच सांगत होतो.

ग्रामसेवकांकडे तीन गावं होती. सोमवारी ते दुसऱ्या गावात होते, मंगळवारी तिसऱ्या, आणि बुधवारी तालुक्याला बैठकीला. गुरुवारी सापडले. मी त्यांच्यासमोर दोन तुकडे ठेवले.

"हे फाडलंय," ते म्हणाले.

"फाडलं नाही. इस्त्री केली."

"लग्नाच्या दाखल्याला इस्त्री?"

मी पुढे वाकून दबक्या आवाजात सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "नव्या प्रतीच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. बाईला घेऊन या."

"बाई आयर्लंडमध्ये आहेत. त्यांच्याकडे जाण्यासाठीच हा दाखला पाहिजे."

"मग त्या आल्या की दोघं मिळून या."

"त्या आल्या तर मला दाखला लागणारच नाही साहेब!"

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

हा आवाज मी कुठेतरी ऐकला होता. थोड्या वेळाने लक्षात आलं, की तो माझाच आहे. खिडकीच्या आतून तो इतका वाईट वाटत नाही.

मामा माझ्या मागे उभे होते. ते शेतीतले माणूस, फारसं शिकलेले नाहीत, पण वेळ बघून बोलतात. म्हणाले, "भाऊसाहेब, पोरीलाच विचारा ना. फोनात दिसती ती." आणि मला म्हणाले, "लावा जावईबापू, व्हिडिओ लावा."

रेणुका दवाखान्याच्या निळ्या गणवेशात पडद्यावर आली. ग्रामसेवक एकदम सावरून बसले. तिने लग्नाची तारीख सांगितली, साक्षीदारांची नावं सांगितली, अर्जावर सही करून फोटो लगेच पाठवते म्हणाली. ग्रामसेवकांनी मान डोलावली आणि विचारलं, "मॅडम, आमच्या आईचा गुडघा लई दुखून राहिला. काय करावं?" पुढची पंधरा मिनिटं गुडघा चालला. चढताना दुखतो का उतरताना, सूज आहे का, बाई जमिनीवर बसतात का. आयर्लंडच्या कुण्या पेशंटचं त्या वेळात काय झालं असेल ते असो, मला दाखल्याच्या दोन प्रती मिळाल्या. ताज्या, सहीशिक्क्यानिशी, उघड्या.

मी मामांच्या घरी आलो, दोन्ही प्रती कपाटावर ठेवल्या, पोटभर जेवलो आणि चार दिवसांची झोप एका दुपारी काढली. उठलो तेव्हा मामा हिमायतनगरला जाऊन परत आलेले होते. त्यांनी पिशवीतून हळूच दोन वस्तू काढून माझ्या हातात दिल्या. त्या गुळगुळीत होत्या आणि खिडकीच्या उजेडात चमकत होत्या.

"दोन्हीला लॅमिनेशन मारून आणलं," मामा म्हणाले. "जाड प्लास्टिक घेतलं. आता पाण्यात पडलं तरी काई होत न्हाई."

मी खाली बसलो. मामांना चार दिवस मी दाखला खराब झाला एवढंच सांगितलं होतं. कशाने खराब झाला ते सांगितलं नव्हतं. सासऱ्याला कोण सांगणार, की लिपिक जावयाने दाखला इस्त्रीखाली घातला? ग्रामसेवकांसमोर इस्त्रीचं तेवढं ऐकून मामांना वाटलं होतं, की लॅमिनेशन हलकं होतं म्हणून इस्त्री करावी लागली. चूक सरळसरळ माझी होती आणि रागावायला कुणीच उरलं नव्हतं.

मी अडखळत खरं काय ते सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. ते ओसरीच्या कडेला जाऊन बसले. मग म्हणाले, "रेणू नर्सिंगला लागायची होती त्या साली पैनगंगेचं पाणी घरात आलं. पेटीत सगळे कागद होते. पार लगदा झाला. चाळीस दिवस तहसीलला फिरलो मी. एक मास्तर न्हाई का एक बाबू न्हाई, सगळे म्हणायचे मूळ कागद आणा. तिचा नंबर जाऊन राहिला होता. तवापासून मी कागद उघडा ठेवत न्हाई."

त्या बाबूंमध्ये मी नव्हतो, पण असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मला फार लाज वाटली. मी मामांच्या शेजारी बसलो आणि मामींनी दोघांना चहा दिला.

पुढच्या गुरुवारी आम्ही परत ग्रामसेवकांसमोर उभे राहिलो. त्यांनी आमच्या हातातलं प्लास्टिक पाहिलं आणि विचारलं, "या खेपेला काय, धुतलं?" त्यांच्या आईचा गुडघा बरा होता म्हणून निभावलं. तिसरी प्रत मिळाली आणि मी कुणाला सांगणार नाही असं वचन देऊन बाहेर पडलो.

यानंतर मामांनी तो कागद स्वतःच्या ताब्यात घेतला. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून धोतराच्या फडक्यात बांधला आणि माझ्याबरोबर लातूरला निघाले. बसमध्ये तो मांडीवर धरला. शेजारच्या प्रवाशाने पाण्याची बाटली उघडली की मामा खिडकीकडे सरकायचे. पुण्याच्या एजंटाकडे पाठवताना कुरियरवाल्याला त्यांनी तीनदा बजावलं, "लॅमिनेशन मारू नका बरं." त्याने कधीच कशाला लॅमिनेशन मारलं नव्हतं. तो घाबरून "नाही मारत" म्हणाला. बारा ऑगस्टला दाखला शिक्क्यासह परत आला. मामांनी शिक्क्यावरून बोट फिरवून पाहिलं. बसला होता.

आता यादीत एकच ओळ उरली होती. नातं खरं असल्याचा पुरावा. दोघांचे एकत्र फोटो.

मी लग्नाचा अल्बम काढला. एकशे ऐंशी फोटो, आणि त्यातल्या एकातही आम्ही दोघंच नव्हतो. प्रत्येकात आमच्या मधोमध कुणीतरी उभं होतं. स्टीलचा हंडा देणारे काका, लिफाफा देणारे मुख्याध्यापक, नुसतेच शिरलेले हरिओम. लग्नानंतरचे फोटो मी काढलेले, म्हणजे त्यात ती होती. मी कॅमेऱ्याच्या अलीकडे. हे फोटो बघून कोणत्याही साहेबाला वाटलं असतं, की हरिओम आणि रेणुकाचं काहीतरी आहे.

एजंट म्हणाला, "मग फोनवरचं चॅट छापा. भाषांतर करून जोडा." मी ती गेल्यापासूनचं सगळं चॅट छापलं. तीनशे बारा पानं. तीन प्रतींत.

नांदेडला धम्मानंद सर नावाचे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक अशी भाषांतरं सहीशिक्क्याने करून देतात. सतरा तारखेला मी आणि मामा त्यांच्या जिन्याने वर गेलो. मामा येणारच होते, कागद त्यांच्या खात्यात होते. जयभीम झाला, पाणी झालं. सरांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शिक्षकांना मनात वाचता येत नाही.

"'पोलीस दाखल्याच्या किती प्रती?' 'तीन.' 'साक्षांकित?' 'उद्या करतो.' 'केल्या का?' 'साहेब रजेवर.'" सरांनी पन्नासेक पानं उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. "मला आतापर्यंत एवढंच कळलं, की तुम्ही दोघं एका ऑफिसात कामाला हाव."

मी म्हणालो, "कामाचंच बोलायचो आम्ही. वेळ कुठे असतो?"

"एवढं सगळं करायची गरज न्हाई. वीस पानं निवडा. जिथं नवरा-बायको दिसतील अशी."

मी गठ्ठा पुढे ओढला. सर वरून वाचतच होते. जानेवारीच्या एका पानावर ते थांबले आणि सावकाश वाचलं, "'आज वॉर्डातली एक आजी गेली. तिचं कुणी आलं न्हाई. शेवटपर्यंत माझा हात धरून होती. मला घरी आल्यावर काही सुचंना. तुम्ही जेवलात का?'"

खाली माझं उत्तर होतं. सरांनी तेही वाचलं. "'हो. जन्मदाखल्याची झेरॉक्स कलर का काळी-पांढरी?'"

मी पानं उलटायला लागलो. फेब्रुवारी. 'भाकरी करून पाहिली, इथलं पीठ चिकटत न्हाई, रडू आलं, मग हसू आलं.' खाली मी: 'पासपोर्टचं शेवटचं पान पण लागतं का?' मार्च. 'आज कुणाशी मराठीत बोलले न्हाई, स्वतःशीच बोलले.' खाली मी: 'नोटरी बंद होता.' हे सगळं माझ्या फोनवर आलं होतं. मीच वाचलं होतं. मला आठवतही होतं, पण फक्त खालचं. वरचं मला आठवेना. हे कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मामा उठून खिडकीपाशी गेले. त्यांना पोर मजेत आहे हे माहीत होतं. ते पाठमोरे उभे राहिले आणि उपरण्याने तोंड पुसलं.

"हिची एकोणीस पानं झाली," सर म्हणाले. "एखादं तुमचं द्या. तुमच्या बाजूनं कायतरी दिसलं पाहिजे."

मी तीनशे बारा पानं दोनदा चाळली. ज्या माणसाच्या कपाटात गेल्या तेरा वर्षांतला कुठलाही कागद दोन मिनिटांत सापडतो, त्याला आपल्या बायकोला लिहिलेलं एक वाक्य सापडेना. शेवटी सरांनीच माझा हात धरून गठ्ठा बाजूला केला. "राहू द्या," ते म्हणाले. "एका बाजूचं पण चालतं."

व्हिसा मिळाला, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. मुंबईच्या खिडकीतल्या मुलीने माझ्या सहा फायलींतून मोजके कागद घेतले आणि बाकीचं परत दिलं. राजीनामा टळला, ऑक्टोबरात माझं तिकीट निघालं. पण त्या दिवशी, सतरा तारखेला, यातलं काहीच झालेलं नव्हतं. साडेचार वाजले होते आणि सरांच्या जिन्यात उभं राहून मी रेणुकाला फोन लावला. तिकडे दुपारची सुट्टी होती.

"कोणता कागद राहिला?" तिने घाबरून विचारलं.

"कागद नाही. जानेवारीत ती आजी गेली होती बघ, तुझा हात धरून. त्या दिवशी तू जेवलीस का?"

पलीकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता.

"सात महिने झाले त्याला," ती म्हणाली.

"हो. तेव्हा विचारायचं राहिलं."

"न्हाई जेवले," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. मामा दोन पायऱ्या खाली थांबले होते. हातानेच विचारत होते, काय राहिलं, काय राहिलं? मी त्यांना हातानेच थांबा म्हणालो. रेणुका रडता रडता सांगायला लागली. आजीचं नाव ब्रिजेट होतं. तिला शेळ्या फार आवडायच्या. गावाकडे शेळ्या आहेत हे कळल्यावर ती रोज शेळ्यांचंच विचारायची. तिच्या उशीखाली एक कंगवा होता, तो रेणुकाच्या हातात देऊन म्हणायची, विंचर. बोलता बोलता ती एकदम थांबली.

"अहो, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "सांग तू."